चौथ्यांदा तेच मलम आणण्याआधी

पत्राचा सारांश (ओळख पटेल असे तपशील वगळून):

"माझं वय ४४. तालुक्याच्या गावी शिक्षिका आहे. दोन मुलं, पाळी अजून नियमित. गेल्या दहा महिन्यांत चौथ्यांदा मला खाली भयंकर खाज सुटली आहे. अंगावरून पांढरं जातं, कधी दह्याच्या कवडीसारखं, कधी नुसतंच पातळ. लघवीला गेलं की आग होते. पहिल्यांदा झालं तेव्हा जाऊबाईंच्या जुन्या चिठ्ठीवरून मेडिकलमधून एक मलम आणि आत ठेवायच्या सहा गोळ्या आणल्या. मलमाने दोन दिवसांत खाज थांबली म्हणून गोळ्या तीनच ठेवल्या. नंतर दर वेळी तेच करते. आता तर मलम लावलं तरच बरं वाटतं, चार दिवस नाही लावलं की पुन्हा सुरू. रोज जंतुनाशक घातलेल्या पाण्याने आतून-बाहेरून धुते, शिवाय जाहिरातीतला वॉशही वापरते. सासूबाई म्हणतात उष्णता झाली आहे, म्हणून वांगी, पपई, तीळ बंद केले. शेजारच्या वहिनी म्हणतात पिशवीच काढून टाक, कटकट जाईल. मिस्टर बाहेरगावी नोकरीला आहेत, शनिवार-रविवार येतात. या वेळी त्यांनी विचारलं, 'हे कुठून आणलंस?' तेव्हापासून मला झोप नाही. गावातले डॉक्टर पुरुष आहेत आणि यांचे मित्र. बीपीची आणि शुगरची गोळी चालू आहे, गेल्या वर्षी शुगरची गोळी बदलून दिली, पण त्याचा याच्याशी काही संबंध नाही. मला एवढंच सांगा, यापेक्षा स्ट्राँग, कायमचा गुण येईल असं कुठलं मलम आहे?"

ताई,

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. तसं एकच मलम नाही. आणि तुमचं पत्र दोनदा वाचल्यावर मला असं वाटतं की औषध कमी जोराचं होतं म्हणून तुमची खाज परत आलेली नाही. दहा महिन्यांत चार वेळा औषध आणलं गेलं, पण या चारही वेळा तुम्हाला कुणी तपासलं नाही. जाऊबाईंना तेव्हा नेमकं काय झालं होतं तेही आपल्याला ठाऊक नाही. त्यांच्या अंगासाठी लिहिलेली चिठ्ठी तुमच्या अंगावर चालवली गेली, एवढंच घडलं आहे.

यात मी तुम्हाला दोष देत नाही. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांतल्या ६५० बायकांची तपासणी केली आणि १९८९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ते निष्कर्ष छापले. ९२ टक्के बायकांना एखादा तरी स्त्रीरोग निघाला, आणि त्याआधी कधी अशी तपासणी झालेल्या बायका होत्या फक्त ८ टक्के. तेव्हा दवाखाना लांब होता, डॉक्टर बाई मिळत नव्हती. आज मेडिकलचं दुकान कोपऱ्यावर आहे, आणि तपासणीचं टेबल मात्र अजून तितकंच लांब वाटतं. माझ्याकडे येणाऱ्या शिकलेल्या, पगार कमावणाऱ्या बायकासुद्धा दोन-तीन ट्यूबा संपवूनच येतात.

तुम्ही लिहिता, "तेच पुन्हा झालं." ते 'तेच' आहे हे कशावरून? तुमच्याच पत्रात दोन वेगळी वर्णनं आहेत. कवडीसारखं घट्ट जाणं आणि पातळ पाण्यासारखं जाणं, ही दोन वेगळ्या आजारांची चिन्हं असू शकतात आणि त्यांची औषधंही वेगळी आहेत.

बुरशीचा संसर्ग, म्हणजे कॅन्डिडा, सगळ्यात ओळखीचा. त्यात खाज फार, स्राव घट्ट पांढरा, वास जवळजवळ नाही, बाहेरची कातडी लाल होते, कधी बारीक चिरा पडतात. चार बायकांमधल्या तिघींना आयुष्यात एकदा तरी हा होतो. क्लोट्रिमॅझोलसारख्या बुरशीनाशक गोळ्या आणि मलमं यासाठीच असतात. दुसरा आजार बॅक्टेरियल व्हजायनोसिस. योनीत आपल्या बाजूचे जंतू असतात, ते आम्ल तयार करून बाकीच्यांना वाढू देत नाहीत. हे चांगले जंतू कमी झाले की दुसरे माजतात. मग स्राव पातळ, करडट, आणि त्याला माशासारखा वास येतो. संबंधानंतर किंवा पाळीनंतर तो जास्त जाणवतो. यात खाज बेताची असते. यावर मेट्रोनिडॅझोलचं जेल किंवा क्लिंडामायसिनचं क्रीम आत सोडायला देतात, किंवा पोटात घ्यायच्या गोळ्या देतात. बुरशीचं औषध इथे काहीही करत नाही. तिसरा ट्रायकोमोनास नावाचा परजीवी. फेसाळ, पिवळट-हिरवट स्राव, दुर्गंधी, जळजळ. हा लघवीच्या नळीत आणि आजूबाजूच्या ग्रंथींतही जाऊन बसतो, तिथे जेल पुरेशा प्रमाणात पोचत नाही. म्हणून त्याला पोटातूनच औषध घ्यावं लागतं, आणि तेही दोघांनी.

ही वर्णनं वाचून आपलं आपण निदान करता येईल असा मोह होतो. कृपा करून करू नका. अमेरिकेत २००२ साली एक अभ्यास छापून आला. स्वतःला बुरशीच झाली आहे अशी खात्री बाळगून दुकानातून औषध विकत घेणाऱ्या बायकांना तिथे तपासलं, तेव्हा साधारण एक तृतीयांश जणींनाच नुसती बुरशी निघाली. बाकीच्यांना दुसरंच काही होतं, कुणाला दोन-दोन संसर्ग एकदम होते, आणि काहींना तर संसर्गच नव्हता. पॅडची किंवा साबणाची ॲलर्जी, कातडीचा एखादा आजार, पाळी जाण्याच्या वयातला कोरडेपणा, या सगळ्यांना खाज सुटते. डोळ्यांनी बघून, आम्लता मोजणारी कागदाची पट्टी लावून आणि स्रावाचा थेंब काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावर बहुतेक वेळा उलगडा होतो. काही मिनिटांचं काम आहे.

आता तुमच्या पत्रातल्या ज्या ओळीवर मी सगळ्यात जास्त वेळ थांबले, तिच्याकडे येते. "गेल्या वर्षी शुगरची गोळी बदलून दिली, पण त्याचा याच्याशी काही संबंध नाही." ताई, संबंध असण्याची दाट शक्यता आहे.

रक्तातली साखर वाढलेली असेल तर बुरशीला आयतं खाद्य मिळतं, हे जुनंच ज्ञान. वारंवार अशी खाज येणाऱ्या बाईची शुगर तपासायची, हा आमच्याकडे शिरस्ताच आहे. पण गेल्या काही वर्षांत त्यात एक भर पडली आहे. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन अशी नावं असलेल्या गोळ्या मधुमेहासाठी खूप दिल्या जातात. २०२० मध्ये डॅपाग्लिफ्लोझिनचं पेटंट आपल्याकडे संपलं, किंमत उतरली आणि ती गोळी तालुक्याच्या गावापर्यंत पोचली. औषध चांगलं आहे. हृदयाला आणि किडनीला त्याचा फायदा होतो. मात्र ते काम करतं असं, की जादा साखर किडनीवाटे लघवीत सोडून देतं. त्यामुळे लघवी गोड होते, ती लागते त्या कातडीवर साखर राहते, आणि बुरशी फोफावते. जननेंद्रियांचा बुरशीचा संसर्ग हा या गोळ्यांचा ठाऊक असलेला दुष्परिणाम आहे, बायकांमध्ये जास्त. रक्तातली शुगर उत्तम असली तरीही तो होऊ शकतो, हे ध्यानात ठेवण्यासारखं आहे.

तुमच्या शुगरच्या गोळ्यांच्या पट्टीवर काय लिहिलं आहे ते बघा. गोळी बदलली तो महिना आणि खाज पहिल्यांदा सुरू झाली तो महिना कागदावर शेजारी-शेजारी लिहा. जवळपास असतील तर तो कागद घेऊन शुगरच्या डॉक्टरांकडे जा. गोळी आपल्या मनाने मुळीच बंद करू नका. ती तुमच्या हृदयासाठी किंवा किडनीसाठी दिलेली असेल, तर डॉक्टर ती चालू ठेवून संसर्गाचा बंदोबस्त करतील. नुसती साखरेसाठी असेल तर पर्याय आहेत. पण त्यांना हे कळलंच पाहिजे. खालच्या तक्रारी शुगरच्या डॉक्टरांना कशाला सांगायच्या, असं वाटून हजारो बायका गप्प बसतात आणि वर्षभर ट्यूबा आणत राहतात. तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी एचबीए१सी तपासणीही याच फेरीत करून घ्या.

आता त्या मलमाबद्दल. "मलम लावलं तरच बरं वाटतं, नाही लावलं की पुन्हा सुरू," हे वाक्य वाचून मला काळजी वाटली. ट्यूबवर बारीक अक्षरांत घटक लिहिलेले असतात, ते भिंग घेऊन वाचा. त्यात बेक्लोमेथासोन, बीटामेथासोन, क्लोबेटासोल किंवा मोमेटासोन यांपैकी काही दिसलं, तर ते स्टिरॉइड आहे. आपल्याकडे स्टिरॉइड, बुरशीनाशक आणि अँटिबायोटिक एकाच ट्यूबमध्ये कोंबलेली मलमं सर्रास मिळतात. स्टिरॉइडने खाज आणि लाली झटकन दबते, म्हणून गुण आल्यासारखं वाटतं. खाली बुरशी मात्र जिवंत राहते, उलट तिला मोकळीक मिळते. महिनोन्‌महिने लावलं तर तिथली नाजूक कातडी पातळ होते, जळजळते, आणि मलम थांबवलं की आग भडकते. जांघेत लाल चट्टे पसरत असतील तर तेही दाखवा. नायट्यावर असं मलम चोळून तो हट्टी झाल्याची उदाहरणं त्वचारोगतज्ज्ञ रोज बघतात. २०१८ साली केंद्र सरकारने १४ स्टिरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम केला, तो याच कारणासाठी. दुकानात काय चालतं ते तुम्ही पाहताच आहात. म्हणजे तुम्ही ज्याला 'यापेक्षा स्ट्राँग' म्हणता, ते कदाचित तुम्ही आधीच लावता आहात. दीर्घकाळ लावलेलं असेल तर एकदम सोडायचं की हळूहळू, हे डॉक्टर कातडी बघून ठरवतील.

आणि आणखी एक गोष्ट: आजार योनीच्या आत असतो. बाहेर लावलेलं मलम बाहेरची खाज शमवतं, आतल्या बुरशीपर्यंत ते जात नाही. तुम्ही निम्म्यावर सोडलेल्या आतल्या गोळ्याच खरं काम करणार होत्या.

तपासणीत बुरशी निघाली तर क्लोट्रिमॅझोल तीन प्रकारे देतात: ५०० मिलिग्रॅमची एकच गोळी, २०० मिलिग्रॅमच्या तीन रात्री, किंवा १०० मिलिग्रॅमच्या सहा-सात रात्री. तुम्ही आणलेल्या सहा गोळ्या बहुधा या शेवटच्या प्रकारातल्या असाव्यात. साध्या, पहिल्यांदाच झालेल्या त्रासाला यातला कुठलाही प्रकार चालतो. फ्लुकोनॅझोलची १५० मिलिग्रॅमची पोटात घ्यायची एक गोळीही तितकाच गुण देते. पण तुमचा त्रास साधा नाही. मधुमेह आणि वारंवारता, दोन्ही आहेत. अशा वेळी आत ठेवायचं औषध ७ ते १४ रात्री लागतं, किंवा फ्लुकोनॅझोलची गोळी तीन-तीन दिवसांच्या अंतराने पुन्हा द्यावी लागते. वर्षात तीन किंवा जास्त वेळा बुरशीच होते आहे असं पक्कं झालं, तर सुरुवातीच्या उपचारानंतर आठवड्याला फ्लुकोनॅझोलची एक गोळी अशी सहा महिने देण्याची पद्धत आहे. तुम्ही ज्याला कायमचा गुण म्हणता, त्याच्या सगळ्यात जवळ जाणारी गोष्ट ही आहे. मात्र एक सावधगिरी: शुगरसाठी ग्लिमेपिराइड घेत असाल तर फ्लुकोनॅझोलसोबत साखर एकदम खाली येऊ शकते. म्हणून ही गोळी मैत्रिणीच्या सांगण्यावरून घेऊ नका. आतल्या औषधाचा हा फायदा आहे, की ते रक्तात फार थोडं उतरतं, त्यामुळे इतर गोळ्यांशी फारसं भांडत नाही. याला एक अपवाद सांगते. रक्त पातळ करणारी वॉरफेरिनची गोळी चालू असेल, तर मायकोनॅझोल हे बुरशीनाशक आतून वापरतानाही डॉक्टरांना विचारावं लागतं.

गोळी आत कशी ठेवायची हे दुकानदार सांगत नाही, आणि बऱ्याचदा आम्ही डॉक्टरही घाईत सांगत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते. रात्री सगळं आवरल्यावर, झोपायच्या आधी ठेवायची, म्हणजे ती लगेच खाली येत नाही. हात धुवायचे, नखं कापलेली असावीत. पाठीवर आडवं होऊन गुडघे मुडपायचे आणि मोकळे सोडायचे. गोळीची निमुळती बाजू पुढे करून, कमरेच्या मणक्याच्या दिशेने, मधलं बोट पोचेल तितकी आत सरकवायची. सोबत नळी दिली असेल तर तिनेही ठेवता येते. कोरडेपणा असेल तर गोळी क्षणभर पाण्यात बुडवून घ्या, कारण ओल मिळाल्याशिवाय ती नीट विरघळत नाही. ती पोटात जाईल, हरवेल, अशी भीती कित्येकींना वाटते. योनीमार्ग वरच्या बाजूला गर्भाशयाच्या तोंडाशी बंद असतो, आणि ते तोंड इतकं बारीक असतं की गोळी पुढे जाऊच शकत नाही. सकाळी पांढरा भुगा किंवा चिकट पाणी बाहेर येईल. ते औषधाचं उरलेलं आहे. आजार वाढला असं समजून घाबरू नका आणि आतून धुऊ नका. साधी सुती चड्डी आणि हवं तर पातळ पॅड पुरे. दोन-तीन दिवसांत खाज ओसरते, बुरशी मात्र तेवढ्यात संपलेली नसते. सहा लिहून दिल्या असतील तर सहाही ठेवायच्या. पाळी तोंडावर आली असेल तर डॉक्टरांना विचारून पाळीनंतर सुरुवात करा, नाहीतर अर्धं औषध वाहून जातं. या रात्रींत संबंध टाळा. निरोधवर अवलंबून असाल तर आणखी काळजी घ्या, कारण या मलमा-गोळ्यांनी रबर कमकुवत होतं. क्लिंडामायसिन क्रीमच्या बाबतीत तर शेवटच्या रात्रीनंतरही पाच दिवस थांबावं लागतं. पहिल्या रात्री थोडी चुणचुण चालते. सहन न होणारी आग किंवा सूज आली तर थांबवा आणि कळवा.

धुण्याबद्दल थोडक्यात. जंतुनाशकाचं पाणी आजपासून बंद. वॉशही बंद. तुरटी, कडुनिंबाचं पाणी, दही, लसूण, यातलं काहीही आत जाऊ देऊ नका. ज्या चांगल्या जंतूंविषयी वर लिहिलं, तेच या धुण्याने मरतात. बाहेरून साधं पाणी, हलक्या हाताने पुसणं, एवढंच. लघवीच्या आगीबद्दल एक खूण सांगते: लघवी कातडीला लागल्यावर झोंबत असेल तर कारण बाहेरच्या सोललेल्या कातडीत आहे, लघवी सुरू होतानाच आतून दुखत असेल, सारखी लागत असेल, तर लघवीचा संसर्ग असू शकतो. तसं असेल तर लघवीही तपासा.

सासूबाईंशी वाद घालू नका, त्या मायेने सांगतात. धने-जिऱ्याचं पाणी प्यायला हरकत नाही. पण वांग्याने किंवा तिळाने हा संसर्ग होत नाही, तुम्ही निश्चिंतपणे खा. पांढरं जाण्याने ताकद जाते, हाडं झिजतात, हेही खरं नाही. पाळीच्या मधल्या दिवसांत तार निघेल असा, पाळीच्या आधी जरा घट्ट असा स्राव निरोगी बाईलाही होतो. गोव्यातल्या एका मोठ्या पाहणीत असं दिसलं, की पांढरं जाण्याची तक्रार करणाऱ्या अनेकींना संसर्ग नव्हता. त्या तक्रारीचं नातं मनावरच्या ताणाशी जास्त घट्ट होतं. तुमची खाज खरीच आहे, त्याबद्दल मला शंका नाही. पण अंगावरून जातं आणि गळून गेल्यासारखं वाटतं असं लिहिणाऱ्या इतर मैत्रिणींनी हे वाचावं. त्यांना कुणी ट्यूब देऊ नये, आधी बसवून विचारावं, घरी कसं चाललं आहे.

पिशवी काढण्याचा विचार मनातून पूर्ण काढून टाका. हा संसर्ग योनीत आहे. पिशवी गेली तरी योनी तिथेच राहणार आणि खाजही. अशा तक्रारींवर पिशवी काढण्याचा काय अनर्थ होतो ते महाराष्ट्राने पाहिलं आहे. बीड जिल्ह्यात २०१९ साली झालेल्या पाहणीत ८२ हजारांहून अधिक ऊसतोड कामगार बायकांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली निघाली. त्यांतल्या कितीतरी जणी पांढरं जाणं, पोटात दुखणं असल्या तक्रारी घेऊन दवाखान्यात गेल्या होत्या. वहिनींना बरं वाटलं असेल, त्यांचं कारण वेगळं असेल.

तुमची झोप उडवणाऱ्या प्रश्नाकडे आता येते. "हे कुठून आणलंस?" बुरशी असेल तर उत्तर असं, की ती कुठूनही आणलेली नाही. ही बुरशी दर शंभरातल्या दहा-वीस निरोगी बायकांच्या योनीत काही त्रास न देता राहतच असते. साखर, अँटिबायोटिक, गरोदरपण अशा कारणांनी ती वाढते. हा कुणाच्या वागण्याचा पुरावा नाही. मिस्टरांना लाली किंवा खाज असेल तरच त्यांना मलम लागतं, एरवी नाही. बॅक्टेरियल व्हजायनोसिसही कुणाच्या चारित्र्याचा दाखला देत नाही. मात्र २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधनात दिसलं, की नवऱ्यालाही गोळ्या आणि मलम दिलं तर तो परत येण्याचं प्रमाण बरंच कमी होतं. ट्रायकोमोनास संबंधातूनच येतो, पण तोही वर्षानुवर्षं लक्षणांशिवाय अंगात राहू शकतो, पुरुषांत तर बहुतेकदा तसाच राहतो. तेव्हा कुणाकडून कुणाला, हे त्यावरूनही ठरत नाही. निदान व्हायच्या आधीच हा प्रश्न बाईला विचारला जातो, याचं मला वाईट वाटतं. तुम्ही त्यांना इतकंच म्हणा: "मलाही ठाऊक नाही, म्हणून तपासायला जाते आहे. तुम्ही सोबत चला, डॉक्टर काय सांगतात ते दोघं मिळून ऐकू." ते आले तर अर्धी गाठ तिथेच सुटेल. नाही आले तरी तुम्ही जाच.

जायचं कुठे? तुमच्या गावातले डॉक्टर मिस्टरांचे मित्र असले, तरी रुग्णाची गोष्ट बाहेर सांगायला त्यांना बंदी आहे, आणि पुरुष डॉक्टर तपासत असताना खोलीत नर्स किंवा तुमच्यासोबतची बाई असायलाच हवी, हे तुम्ही हक्काने मागू शकता. पण मन तयार होत नसेल तर स्वतःवर जबरदस्ती करू नका, जवळच्या मोठ्या गावातल्या बाई डॉक्टरांकडे जा. सरकारी जिल्हा रुग्णालयांत आणि अनेक उपजिल्हा रुग्णालयांत 'सुरक्षा क्लिनिक' असतं, तिथे तपासणी आणि औषधं फुकट मिळतात. तिथे हिरव्या रंगाचं एक पाकीट देतात, त्यात सेक्निडॅझोल आणि फ्लुकोनॅझोल अशी दोन औषधं असतात. प्रयोगशाळा हाताशी नसेल तिथे वरच्या तिन्ही आजारांवर एकदम इलाज व्हावा म्हणून ते बनवलं आहे. तुम्ही मात्र त्यांना मधुमेह आणि चौथी वेळ हे दोन्ही आवर्जून सांगा. टेबलावर आहातच तर गर्भाशयाच्या तोंडाची तपासणीही करून घ्या. तिशीनंतर दर पाच वर्षांनी ती करावी असं सरकारी कार्यक्रमातच आहे.

याच वाटेवर असलेल्या इतर काही जणींसाठी. गरोदर असाल तर बुरशीसाठी आत ठेवायच्या गोळ्याच, सात रात्री. पोटातून फ्लुकोनॅझोल नको, आणि नळी वापरायची की बोट हे डॉक्टरांना विचारा. लग्न न झालेल्या, संबंध न आलेल्या मुलींनी तसं मोकळेपणाने सांगावं. बाहेरून पाहून आणि बारीक काडीने नमुना घेऊन काम होतं, औषध पोटातून देता येतं. आयांना माझी विनंती, "लग्नानंतर बघू" म्हणून मुलीला खाजवत ठेवू नका. पाळी जाऊन काही वर्षं झालेल्या मैत्रिणींची खाज आणि जळजळ बहुधा कातडी पातळ आणि कोरडी झाल्याने असते. त्यांना इस्ट्रोजेनचं क्रीम आतून लावल्यावर जो आराम पडतो, तो बुरशीच्या दहा ट्यूबांनी पडत नाही.

काही गोष्टींसाठी मात्र एक दिवसही थांबू नका: ताप आणि ओटीपोटात दुखणं, संबंधानंतर किंवा पाळीच्या मध्ये रक्त जाणं, रक्तमिश्रित घाण वासाचा स्राव, पाणी भरलेले फोड, न भरणारी जखम, किंवा पांढरा पडत चाललेला कातडीचा डाग.

तुमची तपासणी येत्या पंधरवड्यात, पाळी नसेल अशा दिवशी ठरवा. त्याआधी दोन-तीन दिवस आत काहीही ठेवू नका, म्हणजे नमुना नीट मिळेल. जाताना त्या मलमाची ट्यूब, उरलेल्या तीन गोळ्या आणि शुगर-बीपीच्या पट्ट्या एका पिशवीत घालून न्या, आणि डॉक्टरांनी विचारायची वाट न बघता टेबलावर काढून ठेवा.